मेघा मॅच पाहायले गेली

फोन वाजला तसा लहानू दचकला. मेघा सकाळी फोन करायची. रविवारच्या संध्याकाळी कधीच नाही. आता पोरगी काय सांगते, म्हणून त्याने दोनदा वाजू दिला.

नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल चढवता-उतरवता त्याने तिला नर्सिंग शिकवलं होतं. जर्मनीतल्या लहानशा गावात नोकरी लागली तेव्हा बायको पंचफुला नको म्हणत होती. लहानूच म्हणाला, “जाऊ दे वं तिले.” त्याला आठ महिने झाले. पोरगी हळूहळू बोलेनाशीच झाली. काय जेवली, तर “ब्रेड.” कोणी भेटतं का, तर “कामावर.” गेल्या आठवड्यात “बाबा, मी परत येऊ का?” एवढंच विचारून तिने फोन ठेवला होता. तेव्हापासून पंचफुला नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

त्याने फोन उचलला. पलीकडे नुसता ढोल आणि गलका.

“जय भीम बाबा! ऐकू येऊन राहिलं का?”

“जय भीम. काय झालं वं? कुठं आहेस?”

“काही नाही झालं गा बाबा! बास्केटबॉलची मॅच आहे. इथल्या गावची टीम. पगारी खेळाडू आहेत सगळे!”

व्हिडिओ कॉल होता. मेघाच्या गळ्यात हिरवा मफलर दिसत होता. शेजारी तसाच मफलर घातलेली एक म्हातारी.

“ह्या हिल्डे आजी. माझ्या वॉर्डात होत्या. पाय बरा झाला, तं मलेच घेऊन आल्या. यांचा नातू खेळते.”

म्हातारी काहीतरी बोलली. लहानूला एक अक्षर कळलं नाही. त्याने हात जोडले. “पोरीकडे लक्ष ठेवजा, बाई.”

मेघा ते जर्मनमध्ये सांगतच होती, तेवढ्यात मैदानावर कोणीतरी पडलं. ती ताडकन उठली.

“अबे, आंधळा आहे का? धक्का मारला ना त्यानं!”

हजारभर गोऱ्या माणसांत उभी राहून पोरगी अस्सल नागपुरीत पंचावर ओरडत होती, आणि म्हातारी हसत हसत मूठ उगारत होती. शाळेच्या संघात खेळायची तेव्हा मेघा अशीच ओरडायची.

“बाबा, ठेवते आता. चारच मिनिटं राहिले. आईले सांगजा, पुढच्या मॅचचंबी तिकीट काढलं मी.”

फोन बंद झाला. पंचफुला दारात उभीच होती.

“रडली का?”

“नाही. पंचाले शिव्या देऊन राहिली होती.”

“जर्मनमध्ये?”

“मराठीत.”

पंचफुला मटकन पायरीवर बसली. पदर तोंडाला लावून हसली, मग डोळ्यांना लावला.

“बरं केलं तुमी धाडलं,” ती म्हणाली आणि जराशी सरकली.

पायरीवर झालेल्या तेवढ्या जागेत लहानू जाऊन बसला.