गुडघा उडाला आणि मी फसले

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, पण खिळे ठोकणाऱ्यांतली नाही. पुसदच्या एका दवाखान्यात माणसांच्या गुडघ्याखाली टक्कन बसायचं आणि पाय कसा उडतो ते बघायचं, हे माझं काम. पोलादाचा दांडा, काळ्या रबराचं डोकं. नवी आले तेव्हा अशी चमकत होते की शेजारच्या कात्र्या माझ्याकडं पाठ करून पडायच्या.

डॉक्टर निशिगंधाबाई शिकत होत्या तेव्हापासून मी त्यांच्या हातात आहे. अंगातली ताकद गेली म्हणून कोणी आलं की त्या आधी हातपाय ढकलायला लावतात आणि ताकदीला पाचापैकी गुण देतात. मग माझी पाळी. कण्हत आत येणारे आणि दाराबाहेर टणाटण चालणारे मी इतके पाहिले की आता कोणावर विश्वासच बसत नाही. माणसाचं तोंड काहीही बोलतं. गुडघा बोलतो तेच खरं, अशी माझी ऐट होती.

म्हणून दिवाळीनंतर आर्णीकडच्या तांड्यावरून सुखीबाई सुनेला घेऊन आली, तेव्हा मी त्या सुनेकडं तिरकंच पाहिलं.

"बाई, हिचं नाटक बघा," सुखीबाई बसायच्या आधीच सुरू झाली. "सकाळी चांगली ताठ राह्यते. कापूस वेचाले गेली का दुपारी हात पडते, पापणी पडते, बोलणं बी बोबडं. वेचणीच्या दिवसातच बरा आजार येते हिले! आज काही निघालं नाही, तर इथूनच उमरखेडच्या गाडीत बसवतो. राह्य म्हणा मायच्या घरी, कायमची."

"मी नाटक नाही करून राह्यली, बाई," बबिता खाली बघत म्हणाली.

पहिल्या बसनं आलेली, बसमध्ये झोप काढलेली पोरगी. बाईंनी तिचे हात ढकलून पाहिले. पाचापैकी पाच. पायही पाच. मग मी बसले आणि गुडघा कसा झकास उडाला! खोटारडी, मी मनात म्हटलं.

"पाह्यलं? मी काय म्हणत होती?" सुखीबाईनं पिशवी उचलली.

बाई मात्र उठल्या नाहीत. "बबिता, कापूस वेचून दाखव."

"इथं? कापूस कुठी हाय?"

"आहे असं समज. उंच झाडाचा, वर बघत."

बबितानं पदराची ओटी केली आणि हवेतली बोंडं वेचू लागली.

"वा! वावरात होत नाही, दवाखान्यात होते," सुखीबाई म्हणाली.

पन्नास झाली, ऐंशी झाली. मग उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डावी पापणी उतरत उतरत अर्ध्या डोळ्यावर आली. ती वर करायला पोरीच्या कपाळावर आठ्या पडल्या, तरी पापणी येईना. बाईंनी हात ढकलला. पाच कुठले, आता तीन.

पुन्हा मी गुडघ्याखाली टक्कन बसले. गुडघा तसाच उडाला. माझी ऐट तिथंच उतरली.

"या आजारात गुडघा उडतोच," बाई म्हणाल्या. "पण काम केलं की स्नायूंची ताकद संपते, विसावा मिळाला की परत येते. तुम्ही हिला सकाळी आणलंत, म्हणून ही धडधाकट दिसली. रक्त तपासू. गोळ्या आहेत याच्यावर."

बबिता पुन्हा वेचायला लागली होती. थांब असं तिला कोणी म्हटलंच नव्हतं. सुखीबाईनं पिशवी खाली ठेवली, तिचा हात धरला आणि खाली घेतला.

"पुरे कर, बाई. झालं वेचून." मग डॉक्टरांकडं न बघताच तिनं विचारलं, "आर्णीची गाडी कितीले हाय?"

मित्रांनो, आता माझं रबर तडकलं आहे. नवं बसवाल तर उपकार होतील, नाहीतर राहीन ड्रॉवरमध्ये. पण दमणाऱ्या माणसाला विसावलेल्या वेळी बघून खोटं ठरवू नका. आणि कोणी हातोडी एका ठोक्यात खरं-खोटं सांगते म्हणाली, तर तिच्यावर आधी संशय घ्या. मी घेते.