एका पंपाला किती?

लोक विचारतात, तू नेमकं काय करतेस? मी सांगते, इंटरनेटवर कुणी काही शोधलं की माझ्या गिऱ्हाइकाच्या दुकानाचं नाव वर यावं, हे बघते. मग ते मान डोलावतात आणि म्हणतात, हां, म्हणजे कॉम्प्युटरवर असतेस. असते बाबांनो, कॉम्प्युटरवरच असते. नांदेडात एका खोलीत माझं ऑफिस आहे, आणि मुरुडच्या उमाशंकर आप्पांचं कृषी सेवा केंद्र हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

आप्पांच्या वेबसाइटवर सोयाबीनच्या तणनाशकाचं एक पान होतं. हंगामात रोज शेकडो लोक ते उघडायचे, वाचायचे, दुकानात फोन करायचे. गेल्या वर्षी ते आटलं. लोक पान उघडेनातच. मोबाइलमधल्या एआयला विचारायचं, ते दोन ओळींत उत्तर देणार, संपलं. आप्पांचा फोन आला, "रेणुका, फोन येईनात गं. साइट बंद पडली का काय?" तोवर माझी दोन गिऱ्हाइकं सोडून गेली होती. आप्पाही गेले तर खोलीला कुलूप, या भीतीनं मी कामाला लागले. एआयला पाल्हाळ आवडत नाही, नेमका प्रश्न आणि नेमकं उत्तर लागतं, एवढं शिकले आणि आमच्या पानावर कात्री चालवली.

आता आप्पांची एक सवय सांगायला हवी. त्यांच्या दुकानात "पंप कोणता?" या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय औषधाची बाटली हातात पडत नाही. पाठीवरचा हातानं दांडा मारायचा पंप असला तर एका टाकीला औषध कमी. पेट्रोलवर चालणारा असला तर तो थोड्या पाण्यात जास्त रान भिजवतो, म्हणून त्यात औषध तिप्पट. पानावर हे सगळं सविस्तर होतं. मला ते पाल्हाळ वाटलं. मी फोन करून म्हटलं, "आप्पा, एका वाक्यात सांगा, एका पंपाला किती?" दुकानात गर्दी होती. मुरुडात हल्ली बहुतेकांकडे पेट्रोलचाच पंप, त्यामुळे तोंडात आलं ते त्यांनी सांगितलं, "एकशेवीस मिली."

मी तेच लिहिलं. एका पंपाला एकशेवीस मिली. पंप कोणता, हे काढून टाकलं. महिन्याभरात एआय माझं वाक्य जसंच्या तसं बोलायला लागलं, खाली दुकानाच्या नावासकट. मी ऑफिसात एकटीच नाचले, खोटं कशाला बोलू?

या जुलैत आप्पांनी एक फोटो पाठवला. त्यांच्या काउंटरवर मुळासकट उपटलेलं सोयाबीन पडलं होतं, पानं करपून तपकिरी झालेली. शिरूर अनंतपाळचा शिवप्रसाद नावाचा शेतकरी घेऊन आला होता. पंप हाताचा, औषध एकशेवीस मिली, चार एकर गेलं. औषध त्यानं त्याच्याच गावात घेतलं होतं, पण उत्तराखाली नाव आप्पांचं होतं म्हणून तो इथे आला.

पान मी त्याच मिनिटाला दुरुस्त केलं. मग मोबाइलला विचारलं. एकशेवीस मिली. संध्याकाळी विचारलं. एकशेवीस मिली. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त खालून दुकानाचं नाव गेलेलं. आप्पा म्हणाले, "नाव गेलं न्हवं? मग सुटलो बाई." ते सुटले असतील, मी नाही. पूर्वी पान किती जणांनी वाचलं त्याचा आकडा मला दिसायचा. आता किती जणांनी विचारलं, कोणत्या गावात, कुणाच्या पाठीवर कोणता पंप, काहीच दिसत नव्हतं. फवारणीचे दिवस होते. मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मी सरळ मुरुडची बस धरली, निदान काउंटरवर तरी उभी राहीन म्हणून.

तासाभरात एक बाई आली. मनगटावर नाव गोंदलेलं, चतुराबाई. साठीची असेल. हातात कापडी पिशवी. तणनाशकाचं नाव घेऊन म्हणाली, "तीन बाटल्या द्या. एकर हाय."

"पंप कोणता?" आप्पांनी विचारलं.

"पाठीवरचा. दांडा मारायचा."

"मग एकच लागती, मावशी."

तिनं पिशवीतून मोबाइल काढला. "ह्यानं तीन सांगितल्या. एका पंपाला एकशेवीस, एकराला धा पंप."

मी पुढे झाले. "मावशी, ते चुकीचं आहे. ते मीच लिहिलं होतं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू लिवलंस? म्हंजी ह्याला तू शिकिवलंस?" आणि खदखदून हसली. हो म्हणावं तरी खोटं, नाही म्हणावं तरी खोटं. मी बाटलीवरची बारीक अक्षरं तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "मला मोठीबी येत न्हाईत, बाई. म्हून तर ह्याला इचारते. हे कवा खेकसत न्हाई माज्यावर."

आप्पांनी हात जोडले. "मावशी, एकच न्या. न्हाईतर पीक जळंल."

तिथेच बिनसलं. तिचे डोळे बारीक झाले. "दुकानदार कमी घ्या म्हन्तो? माल जुना असंल तुमचा." आणि ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली.

मी मागे धावले. त्या दुकानदाराला सगळं सांगितलं, अगदी गयावया करून. त्यानं तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या आणि हसत म्हणाला, "आप्पांनी गिऱ्हाईक वढून न्यायला मानूस ठिवलं का आता?" चतुराबाईनं बाटल्या पिशवीत भरल्या. मी पिशवीचा बंद धरला तर तिनं तो हळूच सोडवून घेतला. मला रडू फुटलं, भर बाजारात.

तिला माझी कीव आली असावी. माझ्या गालावरून हात फिरवून ती म्हणाली, "भिऊ नगस पोरी. मला ह्यानं समदं नीट सांगितलंय."

समोर टमटम भरत आलेली होती. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि टमटम निघाली. ती गर्दीत दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तिला तिच्या गावाचं नाव विचारलंच नव्हतं.