कापलेलं टेबल

"हे कापायचं?" सुतारमामांनी पुन्हा विचारलं. एकदा ऐकून त्यांचा विश्वासच बसला नव्हता.

"चार सारखे भाग," नवे कल्याण अधिकारी म्हणाले. "मेळाव्यात प्रत्येक समाजाचा एक स्टॉल. आपापला पोशाख, आपापल्या वस्तू. आणि वर मोठा फलक, 'आपण सारे एक'."

बस डेपोच्या वर्कशॉपमधलं ते लांबलचक जेवणाचं टेबल मामांनीच केलं होतं, भंगारात निघालेल्या गाड्यांच्या फळ्यांचं. चार मुलखांतली, चार देवांची माणसं रोज दुपारी त्याच्याभोवती डबे उघडत. कुणाचा हात कुणाच्या डब्यात आहे, हे कुणी बघत नसे. लेथवाला मामांच्या भाषेतल्या शिव्या इथंच शिकला आणि मामा त्याच्या भाषेतल्या. स्वतःच्या भाषेतली शिवी द्यायची दोघांनाही लाज वाटायची.

"साहेब, एक आहे ते तोडायचं आणि वर एक असल्याची पाटी लावायची? ही कुठली तऱ्हा?"

"अहो, दोन दिवसांचा तर प्रश्न. मग जोडून टाका. सुतार ना तुम्ही?"

"म्हणूनच नाही म्हणतोय."

साहेबाच्या तोंडावर मामा जन्मात कधी नाही म्हणाले नव्हते. ते बाहेर पडले तसा लेथवाला मागोमाग आला.

"मामा, पेन्शन जवळ आलीय," लेथवाला म्हणाला. "कशाला वाकड्यात शिरता?"

"तू गप्प बैस! उद्या तुलाच बाहुला करून उभा करतील."

झालंही तसंच. बाहेरचा माणूस यंत्राची करवत घेऊन आला आणि चहा निवायच्या आत टेबलाचे चार तुकडे करून गेला. कार्यक्रमाच्या दिवशी लेथवाला भाड्याच्या झगमगीत पोशाखात आपल्या समाजाच्या पाटीखाली उभा होता.

"मामा, असलं काही माझ्या बापानंसुद्धा घातलं नव्हतं हो," तो पुटपुटला.

मामा हसले नाहीत. पाहुणे आले, टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

मग मामांनी तुकडे जोडले. खालून पट्ट्या ठोकल्या, वरून घासलं, पॉलिश केलं. करवतीनं भुसा केलेलं लाकूड काही परत येत नाही. टेबल बोटभर आखूड झालं. त्याचं एवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली आणि कुणी न सांगता जो तो आपापल्या तुकड्याशी बसला. सांध्यांपाशी जागा रिकाम्या. लेथवाल्यानं डबा उघडला आणि हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लेथवाल्याच्या भाषेतली, त्यानंच शिकवलेली, सगळ्यांत घाणेरडी शिवी मोठ्यानं हासडली. सगळे चपापले. लेथवाल्यानं मान वर केली नाही.

मामांनी स्टूल फरफटत नेलं आणि ते बरोबर सांध्यावर बसले. डबा उघडून मधोमध सरकवला, दोन्हीकडून हात पोचेल असा. आणि न जेवता तसेच बसून राहिले.

भाजी निवत चालली होती.