सेलवर ऐकलेलं गाणं

माझी बायको सुनेत्रा जाऊन सात महिने झाले होते आणि तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता. मोबाईलमध्ये फोटो आहेत, पण व्हिडिओ काढू म्हटलं की ती तोंड फिरवायची.

तिने लिहिलेलं, तिनेच चाल लावलेलं एक गाणं मात्र खूप लोकांना पाठ आहे. शर्मिष्ठाबाईंनी गायलेलं.

घंटी वाजे, उघडते दार,
दारात नुसता वारा गार.

इतकं संथ आणि जड गाणं, की आमच्या लखनौच्या मराठी मंडळात कुणी गेलं की हेच लावतात. सुनेत्राच्या तेराव्यालाही लावलं.

रविवारी मंडळात तिच्या आठवणीचा कार्यक्रम होता. आमची जुई तेच गाणं म्हणणार होती. शनिवारी सकाळी मी तिच्यासाठी सुनेत्राची वही शोधत होतो, तर शिलाई मशीनच्या खणात एक कॅसेट सापडली. वर तिचं अक्षर : ‘घंटी, एप्रिल ८९’. कॅसेटला रबराने एक पत्र बांधलं होतं. पत्र खिशात घातलं आणि घरातल्या स्लिपरांवरच स्कूटर काढली.

“जुई, बस मागे. आईचा आवाज असेल यात.”

“पापा, हेल्मेट तो पहन लो.” जुईला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

अलीगंज ते अमीनाबाद मी कसा आलो ते मला आठवत नाही. तिथे गल्लीत एक म्हातारे मिस्त्री अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. त्यांनी कॅसेट उजेडाला धरली. “फीता सलामत है. बैठिए.”

मी उभाच राहिलो. थोडी खरखर झाली, आणि मग सुनेत्रा गायला लागली.

पण गाणं पळत होतं. टेबलावर बोटं वाजवत, जवळजवळ हसत ती गात होती. मी एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होतो. मला आधी मशीनच चुकलेलं दिसतं.

“आपकी मशीन तेज़ चल रही है,” मी म्हणालो.

मिस्त्रींना ते लागलं. त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नातली कॅसेट काढून लावली. तिच्यात ते स्वतःच पाहुण्यांना जेवायला बोलावत होते, आवाज अगदी आत्तासारखा. “सुन लीजिए. तब से सिर्फ़ दाँत गए हैं, रफ़्तार वही है.”

तेव्हा मी पत्र उघडलं. ते संगीतकार अभिरामरावांचं होतं, पुण्याहून आलेलं.

‘ताई, कॅसेट परत पाठवतो आहे. दोन दिवस वीज नव्हती, टेप सेलवर ऐकला. काय तुमचा खर्जातला आवाज आणि काय ती संथ चाल. शर्मिष्ठाबाई तर रडल्याच. याच लयीत रेकॉर्ड करतो. फक्त तिसरं कडवं वेळेत बसत नाही, ते वगळावं लागेल.’

खाली सुनेत्राने पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘सेल बदला म्हणून कळवावं का?’

मी ते दोनदा वाचलं. उतरलेल्या सेलवर टेप हळू फिरतो आणि आवाज जाड होतो, हे मी कुणालाही सांगितलं असतं. पण तेव्हा मी सहा महिने एअर फोर्सच्या दुसऱ्या स्टेशनवर होतो. परत आलो तेव्हा गाणं रेडिओवर लागत होतं. ती एवढंच म्हणाली, “छान गायलंय त्यांनी.”

“तीसरा अंतरा,” जुई म्हणाली. “पापा, तीसरा सुनो.”

मिस्त्रींनी पुन्हा आमची कॅसेट लावली.

घंटी वाजे, उघडते दार,
भाजी विसरून उभे सरदार.

आणि सुनेत्रा हसली. टेप संपेपर्यंत हसली.

बख्शी का तालाबच्या स्टेशनवरून मी सायकलने घरी यायचो आणि दारात घंटी वाजवायचो. भाजीची पिशवी हँडलला लटकलेली असायची, रिकामी. म्हणजे त्या गाण्यात कुणी गेलेलं नव्हतंच. मी यायचा होतो, आणि शेवटी आलो होतो.

रविवारी मंडळाचे सेक्रेटरी धैर्यशील यांनी मला हॉलच्या दारातच बाजूला घेतलं. “काका, लोक रुमाल घेऊन बसलेत. तुम्ही एकदम असं फास्ट...”

“घाम पुसा म्हणावं,” मी म्हणालो. “तिचं गाणं आहे, आज तिच्याच चालीत होणार.”

“पापा, मुझसे इतना तेज़ नहीं होगा,” जुई म्हणाली. ती लहानपणापासून ते संथच म्हणत आली होती.

“पुढे आई आहे. तू फक्त मागे मागे जा.”

मिस्त्रींनी टेपरेकॉर्डर विश्वासावर दिला होता. मी तो माईकपुढे ठेवला, पण सेलवर नाही, प्लगवर. सुनेत्रा सुरू झाली. लोक एकमेकांकडे बघू लागले. पहिलं कडवं जुईला धरता आलं नाही. दुसऱ्यात तिने बोटं वाजवायला घेतली, आईसारखीच, आणि धरलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा पाय हलायला लागला.

तिसरं कडवं कुणालाच माहीत नव्हतं. ते त्या दोघींनीच म्हटलं. ‘सरदार’ आला तेव्हा जुईने माझ्याकडे बोट केलं, टेपमधून सुनेत्रा हसली, आणि मग सगळा हॉल हसला.

मागून कुणीतरी ओरडलं, “काका, भाजी कुठंय?”

मी उभा राहिलो आणि दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.