ठमीच्या पोटात

मेंढी बरी झाली म्हणून रडणारी बाई जगात बहुधा मी एकटीच असेन. तिच्या लेंड्या पाण्यात घोळून मी काचपट्टीमागून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत होते, आणि जंताचं एक अंडं दिसेल तर शपथ. पलीकडच्या खणात बाईसाहेब मजेत रवंथ करत बसल्या होत्या. चार दिवसांपूर्वी तिच्या पोटात हजारो जंत होते, आज एकही नव्हता, आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे जंत साधेसुधे नव्हते. बाजारात जंतांची औषधं यायच्या आधी, बाबांनी तरुणपणी एका मेंढीच्या चार पोटांपैकी चौथ्यातून ते काढले होते. तेव्हापासून ही जात एका कोकरातून दुसऱ्या कोकरात अशी आम्ही तळहातावरच्या फोडासारखी जपली. बाहेरचे जंत औषधं पचवून निर्ढावलेत. औषधाचा थेंबही न पाहिलेली ही एकच जात. मेंढीच्या शरीरातली प्रथिनं जंताला नेमकी कुठे पकडतात हे शोधायचं तर असा कोरा जंत लागतो. इतर प्रयोगशाळांनी आपापल्याकडच्या जाती मरू दिल्या. आम्ही गोठवून ठेवलेल्या अळ्या मागे वितळवल्या, तर एकही हलली नाही. उरले होते ते या मेंढीतले जंत, आणि शीतकपाटात न गोठवता ठेवलेल्या अळ्या. बाबांचं हृदय आता जेमतेम चालतं, ते दिवसभर घराच्या मागच्या दाराशी खुर्चीत असतात, आणि मी घरात पाऊल टाकलं की विचारतात, "कसे आहेत?" मी कशी आहे, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

झालं ते माझ्यामुळे झालं. पुढच्या खेपेसाठी जन्मापासून छपराखाली वाढवलेलं, गवताचं रान न पाहिलेलं कोकरू पोटफुगीने गेलं. शीतकपाटातल्या अळ्या म्हातारपणाने सुस्त पडत चालल्या होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि मी त्या सगळ्याच्या सगळ्या अळ्या याच मेंढीला पाजल्या. जुने जंत आहेतच, वर नवे जातील, तेवढीच भर पडेल, असा माझा हिशोब.

मेंढीचा हिशोब वेगळा असतो. नव्या अळ्यांचा असा लोंढा आला की तिचं पोट खडबडून जागं होतं. आतला स्राव चिकट होतो, त्यातली प्रथिनं जंतांना चिकटून त्यांना जखडतात, आणि ती नव्यांबरोबर जुन्यांनाही बाहेर काढते. यातल्याच एका प्रथिनावर मला पदवी मिळाली आहे. काचेच्या बशीत ते जंताला कसं लपेटतं, याच्या चित्रफिती दाखवत मी सभा गाजवल्या आहेत. आणि ऐन वेळी अक्कल गहाण टाकली.

"ताई, रडू नका," जनावरघर सांभाळणारे काका म्हणाले. "पाजायच्या आधीच्या लेंड्या मी टाकल्या नाहीत. त्या कोपऱ्यातल्या घमेल्यात आहेत बघा, ओल्याच आहेत."

मी काकांच्या पाया पडायचीच बाकी होते. त्या लेंड्यांतून अळ्या निघाल्या, वाटल्या होत्या त्याहून पुष्कळ. पण पाजायच्या कुणाला? ही मेंढी त्या पुन्हा टाकणारच. रानात चरलेलं जनावर चालत नाही, त्याच्या पोटात बाहेरचे जंत असतात. आणि आमच्या मेंढ्या व्यायला इतका वेळ होता की या अळ्या टिकल्या नसत्या. इतके दिवस पोटात थोपवून धरलेलं सगळं घरी जाऊन बाबांना सांगून टाकलं.

ते खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "पदवी परत करून ये."

मी हसले नाही. तेही नाही. त्यांची नजर अंगणात गेली. तिथे ठमी उभी होती.

ठमी त्यांची शेळी. आई गेल्यावर त्यांनी तिला बाटलीने वाढवली. ती कधी रानात गेली नाही, तोडून आणलेला पालाच खाते. बाबांची वर्तमानपत्रं, चपलेचे पट्टे आणि माझी एक चांगली पर्स हेही तिच्या खाण्यात आलं आहे. आता ती म्हातारी झाली होती, अंगाने उतरली होती, पण बाबांनी खाकरलं तरी धावत यायची.

"तिला दे," बाबा म्हणाले.

"बाबा, काहीतरीच काय!"

"अगं, मेंढीचं पोट शिकतं. शेळीचं नाही शिकत, निदान एवढ्या लवकर नाही. तुझ्याच प्रबंधात आहे. हिच्यात टिकतील."

"म्हणूनच नको म्हणतेय मी."

"अंडी आली की औषध देऊ. एका घोटात साफ. या जातीला तर कुठलंही औषध पुरतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी असेपर्यंत तरी संपू देऊ नकोस गं."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी अळ्या आणल्या. थोड्या दिल्या असत्या तर भागलं असतं, पण थोड्या रुजल्याच नाहीत तर, या भीतीने मी पुन्हा सगळ्याच पाजल्या. नळी तोंडातून काढल्यावर ठमीने माझा हात चाटला.

मेंढीने सगळे टाकले होते. शेळीने सगळे ठेवले.

जंत रक्त प्यायला लागतात आधी आणि अंडी घालतात नंतर. मी रोज सकाळी ठमीची खालची पापणी ओढून बघायची. लालबुंद होती ती गुलाबी झाली, मग फिक्कट, मग भिंतीच्या चुन्यासारखी पांढरी. जबड्याखाली सूज आली. ती धावत यायची थांबली, मग यायचीच थांबली. रोज तिच्या लेंड्या घेऊन मी प्रयोगशाळेत पळायची, आणि रोज पट्टी कोरी. काका माझ्याकडे बघून काही विचारेनासे झाले.

ठमीने पाय मोडून बसकण मारली त्या सकाळी बाबा म्हणाले, "बास झालं."

"उद्या येतील अंडी. उद्या नाही तर परवा. बाबा, इतकं केलंय, आता दोनच दिवस!" मी अक्षरशः हात जोडले. शेळी मरत होती आणि मी तिच्या रक्तातली आणखी दोन दिवसांची उधारी मागत होते. मला माझी लाज वाटत होती आणि तरीही मी मागत होते.

ते गप्प बसले. मला वाटलं, मानलं.

संध्याकाळी परतले तर बाबा अंगणात जमिनीवर बसलेले, ठमीचं डोकं मांडीवर. शेजारच्या वहिनींकडून त्यांनी औषध मागवलं होतं. रिकामी बाटली बाजूला होती.

"दिलं मी," ते म्हणाले.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. संपवलीत, असं म्हणाले. माझ्या चुकीची भरपाई करत होते, तीही करू दिली नाहीत, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेंढीकडे लढायला तिचं तिचं आहे," ते म्हणाले. "हिच्याकडे काय आहे? आपण दोघं. आणि आपण काय करत होतो बघ."

मी आत जाऊन पांघरूण आणलं.

औषधाने जंत मेले, पण गेलेलं रक्त कुठून येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी गेली. बाबांनीच तिला प्रयोगशाळेत न्यायला सांगितलं. "उघडून बघ," म्हणाले. आमच्या घरात कुणाला निरोप द्यायची हीच रीत.

काकांनी चौथं पोट उघडून दिलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. आत जंत निपचित पडले होते. माद्यांच्या अंगात लाल आतड्याभोवती पांढरा पीळ असतो, तो टच्च भरला होता. अंडी तयार होती. एका दिवसाचाच प्रश्न होता. ती बाहेर काढून मी उबवायला ठेवली, पण ते औषध अंड्यांनाही सोडत नाही. काही दिवस बघितलं. एकही फुटलं नाही.

मी घरी आले. मागच्या दाराशी बाबा होते. अंगण कुणीतरी झाडून ठेवलं होतं.

"माद्या भरल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

"नाही, बाबा. अगदी कच्च्या होत्या. अजून आठवडाभर तरी अंडी आली नसती."

"मग बरं केलं मी," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.