भाऊंबद्दल चार शब्द

लॅबमध्ये सारिकाने मिरचीची पूड चाळून काचेच्या बशीत ओतली, झाकण लावलं, साबणाने हात खसाखसा धुतले आणि मगच प्रेमराज भाऊंचा मोबाइल हातात घेतला. मिरचीच्या हाताने मोबाइल धरला की तोच पुढे गालाला लागतो, कानाला लागतो आणि माणूस दिवसभर थयथय नाचतो. दोंडाईच्याच्या त्या मसाला कारखान्यात आलेला प्रत्येक नवा माणूस हे एकदा तरी शिकतो.

"तुझी रिक्वेस्ट आली आहे बघ," भाऊ म्हणाले. "पण हे रेकमेंडेशन म्हणजे नेमकं काय लिहायचं?"

"मी काम कसं करते ते चार ओळींत लिहायचं, भाऊ. तुमच्या नावानिशी माझ्या प्रोफाइलवर दिसतं. जळगावला एका कंपनीत जागा निघाली आहे, क्वालिटी हेडची. ते लोक आधी लिंक्डइन बघतात म्हणे."

"मग तूच लिही ना. मी टाकतो. तुनं इंग्रजी भारी शे." भाऊ मायेत आले की अहिराणीवर येत. "आणि असं कर, माझंही एक लिहून टाक. मालक आजकाल हेच बघत बसतात, कुणाबद्दल कोण काय बोललं. आधी माझं लिही, म्हणजे तुझं कसं हवं त्याचा मला अंदाज येईल."

स्वतःचं कौतुक स्वतःच लिहायचं आणि भाऊंचंही आपणच. आपला हात जगन्नाथ, असं मनाशी म्हणत सारिका हसली. भाऊंचा राग येणं अवघडच होतं. ते कारखान्याचे मॅनेजर, पण हमालाच्या घरी मयत झाली तरी खांदा द्यायला पुढे. सारिकाचे वडील गेले तेव्हा धुळ्याला देवपुरात येऊन दहाव्यापर्यंतची सगळी व्यवस्था त्यांनीच पाहिली होती. अशा माणसाबद्दल चार शब्द लिहायला कसला आलाय कमीपणा?

संध्याकाळच्या एसटीने ती घरी आली. भिकुबाई, म्हणजे तिची आई, ओट्यावर परातीत दादर ज्वारी निवडत होती. सारिका लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारीच टेकली.

"काय लिखी ऱ्हायनी?"

"भाऊंची तारीफ."

"नि तुनी कोन करी?"

"तीपण मीच."

"मंग त्या काय करतीस?" भिकुबाईने परात झटकली आणि खडे अंगणात टाकले.

सारिकाने पहिला मसुदा प्रामाणिकपणे लिहिला. परदेशातून मिरचीचा कंटेनर बुरशीच्या कारणाने परत आला, तेव्हा कारखान्याचं नाक कापलं गेलं होतं. मिरची मोडू नये म्हणून पोत्यांवर पाणी मारायची इकडची जुनी रीत. त्या ओलीतच बुरशी धरते. सारिकाने सुचवलं की वजनकाट्याच्या आधी फाटकावरच प्रत्येक पोत्याची ओल मोजायची आणि ओलं पोतं वेगळं वाळवायचं. भाऊ आधी नाहीच म्हणाले होते. व्यापारी नाराज होतील, माल दुसरीकडे वळेल, तू पोरगी, फाटकावर कशाला उभी राहतेस. शेवटी ते 'बघ करून' म्हणाले आणि ती उभी राहिली. शिव्या खाल्ल्या, एका ट्रकवाल्याने तर ओल मोजायचं यंत्र हिसकावून फेकलं. पुढच्या हंगामात एकही कंटेनर परत आला नाही. मग भाऊंनी परवानगी दिली होती हे सगळ्यांना आठवलं, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणून तिने लिहिलं, 'प्रेमराज भाऊंनी या नव्या पद्धतीला परवानगी दिली आणि ते आमच्या पाठीशी राहिले.'

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ते वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा वाचलं.

"चांगलं आहे." ते म्हणाले. "पण कोरडं वाटतं गं. डाळीला फोडणी नाही दिली तर कसं लागतं, तसं."

"काय घालू अजून?"

"सत्कारात नाही का तू बोललीस? तसं भरभरून. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

खरं होतं ते. कंटेनर पास झाले त्या वर्षी मालकांनी मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं भाऊंना. निवेदन सारिकाकडे, कारण तिचा आवाज स्वच्छ. तिने भाऊंना दीपस्तंभ म्हटलं होतं, वटवृक्ष म्हटलं होतं, आणि सगळं श्रेय त्यांच्या पायाशी ओतलं होतं. आपल्याकडे सत्कार असाच होतो. ज्याच्या गळ्यात हार, त्याच्याच गळ्यात सगळं काम. हार घालणाराही हे जाणतो आणि घालून घेणाराही. उद्या दोघे भेटतात तेव्हा कुणी त्या भाषणाचा दाखला काढत नाही. मांडव उतरला की भाषणही उतरतं.

तिने त्याच हाताने दुसरा मसुदा लिहिला. 'फाटकावर ओल मोजण्याची पद्धत ही पूर्णपणे प्रेमराज सरांची कल्पना. सर्वांचा विरोध असताना त्यांनी एकट्याच्या हिमतीवर ती उभी केली. मी केवळ त्यांच्या सांगण्यानुसार यंत्र हातात धरलं.' शेवटचं वाक्य लिहिताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. नम्रपणा कसा छान उतरला होता. इंग्रजीत तर तो आणखीच झळकत होता.

भाऊ वाचून गहिवरले. खरंच गहिवरले. कँटीनवाल्या पुनाला हाक मारून त्यांनी दोन चहा सांगितले आणि सारिकाने स्वतःबद्दल लिहून दिलेला मसुदा तिच्यासमोरच तिच्या प्रोफाइलवर चढवला. फक्त आधी एक ओळ काढली. 'फाटकावरची तपासणी सारिकाने सुरू केली' ही.

"तेच दोन्हीकडे आलं तर बरं नाही दिसत," ते म्हणाले. "मालक वाचतात."

उरलं ते असं: मेहनती, वेळेवर येणारी, नम्र, सांगितलेलं काम मनापासून करणारी. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाई लिहीत तसलं. सारिकाला चुटपुट लागली, पण चहा समोर होता आणि भाऊ प्रसन्न होते. नोकरी काही या चार ओळींवर मिळणार नाही, तिने स्वतःला समजावलं. पद्धतीबद्दल तिने अर्जात सविस्तर लिहिलंच होतं. आठ वर्षं ती लॅब चालवत होती आणि कागदोपत्री अजून सहायकच होती. जळगावची जागा मिळाली तर पहिल्यांदा तिच्या कामावर तिचं नाव लागणार होतं. एवढंच तिला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

जळगावहून बोलावणं आलं. पारोळा, एरंडोल करत बस पोचेपर्यंत तिने उत्तरं मनात घोकून ठेवली. कंपनीची इमारत एमआयडीसीत होती, आत एसीचा गारवा आणि धण्याचा वास. मुलाखत घेणाऱ्या डिंपल मॅडम चाळिशीच्या असतील. बोलायला सरळ, मध्येच हसणाऱ्या. बुरशीबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि सारिकाची उत्तरं ऐकताना पेन खाली ठेवलं. सारिकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मॅडमनी समोरचा लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

पडद्यावर भाऊंचा फोटो होता. सत्कारातलाच, फेट्यातला. खाली सारिकाचे शब्द.

"हो."

"यात तुम्ही म्हणता, पद्धत पूर्णपणे त्यांची, तुम्ही फक्त यंत्र धरलं. अर्जात म्हणता, पद्धत तुम्ही बसवली." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "यातलं खरं कुठलं?"

सारिकाचे कान तापले. "अर्जातलं."

"मग हे?"

"ते... मोठ्यांबद्दल लिहिताना आपण असं लिहितो ना, मॅडम. आदर म्हणून. सत्कारात बोलतो तसं."

"कळतं मला. मीही इथलीच आहे." मॅडमनी लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे घेतला. "पण या जागेवरच्या माणसाची सही कंटेनरच्या दाखल्यावर जाते. उद्या आमचे शेठ म्हणाले, एवढं पोतं पास करून टाका, तर आदर म्हणून काय लिहाल?"

"मिरचीच्या बाबतीत मी कधीच..."

वाक्य पुरं करायला तिच्याकडे पुरावा काय होता? खोटं लिहिलं असं कबूल करावं तर ती खोटं लिहिणारी ठरत होती, आणि खरं लिहिलं म्हणावं तर अर्ज खोटा. स्वतःचं नाक कापायला सुरी तिने स्वतःच, छान धार लावून, मॅडमच्या हातात दिली होती.

"तुम्ही भाऊंनाच विचारा," ती एकदम म्हणाली. "फोन करा त्यांना. ते सांगतील. ते माझ्या वडलांसारखे आहेत."

मॅडमनी नंबर लिहून घेतला.

परतीच्या बसमध्ये तिला हलकं वाटत होतं. भाऊंना सगळं ठाऊक होतं. ट्रकवाल्याने यंत्र फेकलं तेव्हा त्याचे तुकडे वेचायला भाऊ स्वतः वाकले होते. एका फोनवर एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्या वाक्याने भाऊंचं काही जात नव्हतं. जागा त्यांची होती तिथेच राहणार होती. तिने भाऊंना मुद्दाम आधी फोन केला नाही. शिकवून ठेवल्यासारखं व्हायला नको.

त्यानंतर जळगावहून काहीच आलं नाही. घरी भिकुबाई रोज विचारायची, "काय म्हनेत त्या?" आणि सारिका सांगायची, "येईल फोन." मग एका सकाळी भाऊच पेढ्याचा पुडा घेऊन लॅबमध्ये आले. सारिका पटकन उभी राहिली. तिने हातसुद्धा पुढे केला.

"घे घे, पहिला तुला," भाऊ म्हणाले. "जळगावहून फोन आला होता. डिंपल मॅडमचा."

"काय म्हणाल्या?"

"तुझं फार चांगलं सांगितलं मी. मुलगी लाखात एक, म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ती फाटकावरची पद्धत तुमचीच का?"

पेढा सारिकाच्या बोटांत होता.

"आता तू लिहूनच ठेवलंयस, जगाला दिसेल असं. मी नाही म्हणालो असतो, तर तू खोटी पडली असतीस ना बेटा? तुझी लाज राखायची म्हणून मी हो म्हटलं."

त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही लबाडी नव्हती. सारिकाने ती शोधली. असती तर बरं झालं असतं.

"आणि मग गंमत बघ, त्या म्हणाल्या, तुम्हीच का येत नाही? असा अनुभवी माणूस आम्हाला हवाच आहे. मी अर्जसुद्धा केला नव्हता! या वयात, सांग मला, कोण विचारतं? घरी रडारड झाली आनंदाची." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "तुझ्या शब्दांची ताकद गं, दुसरं काय. मी तिकडे रुळलो की तुला बोलावूनच घेतो. हाताखाली माणूस तर लागेलच."

सारिकाने पेढा पुड्यात परत ठेवला. हात ओले आहेत असं म्हणाली. तिला संताप आला होता, इतका की समोरची बशी भिंतीवर मारावी. आपलं बाळ दुसऱ्याच्या मांडीवर आपणच नेऊन ठेवलं, वर त्याची दृष्ट काढली, आणि आता ते परत मागायला तोंड नाही. भाऊंना दोन शब्द सुनवावेत तर कुठले सुनवायचे? जे सुनवायचे त्याच्या नेमकं उलट तिने सहीनिशी लिहून दिलं होतं.

भाऊंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक राहिलंच. सोमवारी मॅडम आणि त्यांच्या शेठसमोर बसायचं आहे. ते विचारतील बहुतेक. पोतं बाजूला काढायचं ते कितीच्या वर ओल गेली की? मला आपलं बारा-पंधरा असं काहीतरी आठवतं."

लॅबमध्ये पंखा फिरत होता. खिडकीबाहेर फाटकावर ट्रकांची रांग लागली होती आणि कुणीतरी भोंगा वाजवत होता. पंधरा, एवढंच म्हणायचं होतं. पंधरा टक्के म्हणणाऱ्या माणसाला मॅडमनी पाणीसुद्धा न विचारता उठवलं असतं. सारिकाने तोंड उघडलं. पंधरा हा आकडा तिच्या जिभेपर्यंत आला, आणि तिला दिसली ती आतून काळी पडत जाणारी मिरची.

"अकरा," ती म्हणाली. "अकराच्या वर एकही नाही."

"अकरा." भाऊंनी मान डोलावली, ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं, आणि जायला वळून पुन्हा थांबले. "आणि अकराच का, असं विचारलं तर?"

सारिकाने टेबलाखालचं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."