एकवीस गाठींचा दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. घायपाताच्या वाखाचा, एकवीस गाठींचा. काचिपांबा गावाच्या शाळेत, लहानांच्या वर्गात, दाराशेजारच्या खुंटीवर मी असतो. जाता येता मुलं मला हात लावतात. ते मला फार आवडतं.

मला वळलं बेलिसारियो आजोबांनी. बांधावरच्या घायपाताची पानं त्यांनी कापली, ठेचली, ओढ्यात धुतली आणि वाख कुंपणावर वाळत घातला. काटे त्यांना बोचले आणि शिव्या मात्र गाढवाने खाल्ल्या. मग मांडीवर पीळ देत देत त्यांनी मला बैलासाठी दावं म्हणून तयार केलं. वर्षभर मी एका तापट बैलाच्या गळ्यात काढलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ताण सोसायला मी तिथेच शिकलो.

आमच्या डोक्यावर धुमसणाऱ्या ज्वालामुखीला गावात सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. ती खोकली की पत्र्यांवर राख बसते. वर त्या राखेवर पाऊस कोसळला की आमच्या ओढ्यातून दगडधोंडे घेऊन चिखल धावत येतो. शाळा ओढ्याच्या अलीकडे आणि सुरक्षित माळ पलीकडे. मध्ये एक लाकडी पूल. टेहळणीवाल्याने वरून वायरलेसवर इशारा दिला की चिखल पुलाशी पोचायला बारा मिनिटं. तेवढ्यात लहान मुलांनी पलीकडे जायचं.

एर्मेलिंडाबाई शाळेत नव्या होत्या. एक दिवस त्या आजोबांच्या अंगणात आल्या.

“आजोबा, तो दोर मला द्या.”

“बैल घेतलास की काय, पोरी?”

“एकवीस वासरं आहेत माझी. एक इकडे पळतं, एक तिकडे.”

आजोबा इतके हसले की त्यांची टोपी पडली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच शाळेत आले. दोन मुलं चालताना एकमेकांना लाथ लागणार नाही एवढं अंतर मोजून त्यांनी मला एकवीस गाठी मारल्या. प्रत्येक मुलाला आपली गाठ मिळाली.

मग दर महिन्याला सराव सुरू झाला. घंटा झाली की बाईंनी माझं पुढचं टोक धरायचं, स्वयंपाकघरातल्या झोइलाने मागचं. तोंडाला ओला रुमाल, डोळे बारीक आणि हात गाठीवर. पुलाशी बाई माझ्यावरून हात फिरवत गाठी मोजायच्या. मोठ्या वर्गातली मुलं खिडकीतून ओरडायची, “गुरं निघाली रे पाण्यावर!” झोइला चमचा उगारून म्हणायची, “या इकडं, तुमच्या गळ्यातही घंटा बांधते!” एका सरावाला एक आजीबाई पोत्यात आपले सात गिनीपिग घेऊन माळावर हजर झाल्या आणि नातवाला घरीच विसरल्या. गाव आठवडाभर हसत होतं.

मधली तीन वर्षं म्हातारी निजली. सराव राहून गेले आणि मी सरपणाच्या मोळीला बांधला गेलो. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. तेव्हा वाईट वाटलं, पण बाईंना माझी आठवण आली. त्यांनी मला झटकलं, टोकाला चिंधी गुंडाळली आणि पुन्हा सराव सुरू केला. नव्या एकवीस मुलांना गाठी वाटल्या, चौदावी डेल्फिनाला. त्या चिंधीचे उपकार मी विसरणार नाही. पुढच्याच महिन्यात ती वेळ आली.

मका उकडत होता, जेवायला थोडा अवकाश होता. डोंगरावर काळं दाटलं, राख पडायला लागली आणि घंटा झाली. मोठी मुलं आपल्या गुरुजींबरोबर पुढे धावली. आमच्या मुलांनी आपापल्या गाठी धरल्या. फाटकाबाहेर पुढच्याची पाठ दिसेना. शेवटचं मूल रडत होतं, झोइला त्याला समजावत होती.

पुलाशी बाईंचा हात माझ्यावरून सरकला. बारा, तेरा... चौदाव्या गाठीवर थांबला. गाठ रिकामी होती.

“डेल्फिना कुठंय?”

“होती की बाई! आत्ता होती!” मागचा मुलगा म्हणाला.

बाईंनी झोइलाला पुढे बोलावून माझं टोक तिच्या हातात दिलं. “यांना ने. मी आले.”

“वेडी झालीस? मागं फिरायचं नाही, हा नियम तूच केलास!”

“पोर राहिलीय गं आत,” असं म्हणत बाई राखेत दिसेनाशा झाल्या.

वीस मुलं, झोइला आणि मी पूल ओलांडून माळ चढलो. आणि बघतो तर काय, डेल्फिना तिथे आईच्या पोंचोच्या घोंगडीखाली भाजलेला मका खात उभी! तिची आई रोसाउरा कांद्याच्या शेतातून धावत आली होती. फाटकाशी तिने आपली पोर ओळीतून उचलली, पाठीवर टाकली आणि पूल गाठला. कुणाला सांगायचं तिच्या ध्यानीही आलं नव्हतं.

झोइला किंचाळली, “अगं भवाने! हिच्यासाठी बाई मागं गेली!”

रोसाउरा पुलाकडे धावली. पण चिखल आला होता. पूल काडीसारखा मोडला.

थोड्या वेळाने पावसाने राख खाली बसली आणि पलीकडे शाळेचं आवार दिसू लागलं. बाई या वर्गातून त्या वर्गात पळत होत्या, न्हाणीघरात डोकावत होत्या. चिखल आवाराच्या भिंतीला लागत होता. सगळे ओरडले, पण त्या गर्जनेत कुणाचं काय ऐकू जाणार?

“बोंबलू नका!” झोइला म्हणाली. “दोर उचला रे! ज्याची त्याची गाठ धरा!”

मुलं माळाच्या कडेला ओळीने उभी राहिली. रोसाउराने लेकीची मूठ माझ्या चौदाव्या गाठीवर दाबली. एकवीस हातांनी मला डोक्यावर धरलं. मित्रांनो, बैलाने दिला त्याहून मोठा ताण मी त्या क्षणी सोसला.

बाईंनी वळून पाहिलं. हवेत बोट नाचवत त्या मोजू लागल्या. चौदाव्यावर थांबल्या, पुढे गेल्या, शेवटापर्यंत. मग वळल्या आणि मागच्या टेकडीवरच्या दफनभूमीकडे पळत सुटल्या. त्या टेकडीला चिखल पोचला नाही. तिसऱ्या दिवशी लांबच्या वाटेने लोकांनी त्यांना आणलं.

रोसाउरा बाईंपुढे आली. “मला वाटलं, आपली पोर आपण उचलली की झालं...”

“तुझीच आहे गं पोर,” बाई म्हणाल्या. “खुशाल ने. पण मला कळव.”

रोसाउराने कमरेच्या विणलेल्या पट्ट्याची लाल कड फाडली आणि माझ्या चौदाव्या गाठीत बांधली. तेव्हापासून ओळीतून मूल नेणारी प्रत्येक आई त्याच्या रिकाम्या गाठीत आपल्या पट्ट्याचा धागा बांधते. धागा दिसला की बाई पुढे चालतात.

आता शहरातून नायलॉनचा निळा दोर आला आहे. धावतो तो, खुंटीवर मी. पण त्याच्या गाठी माझ्यावरून मोजल्या, याचं मला समाधान आहे. वळणाऱ्या, मोजणाऱ्या आणि धरणाऱ्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्या गाठी सांभाळा, सरावाला हसा पण जा. आणि घाईच्या वेळी कुणी मायेने तुम्हाला उचलून नेऊ लागलं, तर त्याच्या खांद्यावरून मोठ्याने ओरडा, “बाईंना सांगा!” कारण तुम्ही सुखरूप असता, त्याच वेळी कुणीतरी तुम्हाला शोधायला मागे वळलेलं असतं.